दाढेच्या कडेची माया

तुमच्या दाढेत कुणी काही बसवलं आणि "छान बसलंय" असं सांगितलं, तर ते खरं की खोटं हे तुम्ही कशावरून ठरवता? बसवणाऱ्याच्या शब्दावरून, की यंत्र परदेशातून आलंय म्हणून? मी या दोन्हींवरून ठरवून टाकलं होतं. दाढ माझी नव्हती, आत्याची होती, त्यामुळे ठरवणं फारच सोपं गेलं.

आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. वडील कारखान्यात होते, युनियनचं काम करायचे, आणि शनिवारी मालेला, मुळशीतल्या आमच्या गावी, घरी आले की पिशवीतून भाजीच्या आधी पत्रकं निघायची. संपाची, महागाईची, गेटसभेची. पुढे विज्ञानाचा प्रचार करणाऱ्या मंडळींची पत्रकंही येऊ लागली. बुवाबाजी, भानामती, ग्रहण, तंबाखू. मी अक्षरं त्यांच्यावरच गिरवली. दहावीपर्यंत मला वाटायचं, प्रत्येक वाक्याच्या शेवटी "पाहिजे" हवंच. "कदाचित" हा शब्द पत्रकात नसतो, म्हणून तो माझ्या तोंडातही नव्हता.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, ती आमच्याकडेच राहायची. रोज सकाळच्या एसटीने पौडला जायची. तिथल्या बाजारपेठेत, सगळे ज्यांना चाचा म्हणायचे त्यांचं, कापडाचं दुकान होतं, त्याच्या ओट्यावर तिचं शिवणाचं मशीन. झंपर, परकर, पोरांच्या चड्ड्या, आणि दिवाळीनंतर गोधड्या. चाचांच्या दोन पिढ्या पौडात गेल्या होत्या, बोलणं अगदी आमच्यासारखं. गिऱ्हाईक नसलं की ते आणि आत्या एकमेकांची खेचत बसायचे.

ऐंशीच्या दशकाचा शेवट होता. पौडच्या शाळेत दातांचं शिबिर भरलं. रांग होती ती दात काढून घेणाऱ्यांचीच. आत्याही तिच्यात उभी होती, मी तिच्यासोबत. दुखतंय ते काढून टाकावं, असं तिचं सरळ म्हणणं. डावीकडच्या दाढा तिने तशाच एकेक करून घालवल्या होत्या. उजवीकडे खाली ही एक उरली होती, भोक पडलेली, आणि तिच्यावर वरची एक. एवढ्या दोघींवर तिचं जेवण चालायचं. खालची गेली की वरचीला काही काम उरणार नव्हतं. आणि नाचणीची भाकरी दुधात कुस्करून खाण्याइतकी आत्या म्हातारी नव्हती, चाळिशीच्या थोडी पुढे होती.

पुण्याहून आलेले डॉक्टर शांत स्वभावाचे, चष्मा कपाळावर सरकवून बोलणारे. त्यांनी आत बघितलं, दाढेवर टकटक केली आणि म्हणाले, "मावशी, ही काढायची नाही. ही वाचेल. ही काढली तर चावणार कशाने?"

"हिरड्यांनी. आमची सासू चावायची की हिरड्यांनी."

"काय चावायची?"

"मला."

मागची रांग हसली. डॉक्टरही हसले, पण हातातला आरसा त्यांनी खाली ठेवला नाही. त्यांच्या दवाखान्यात परदेशातून एक यंत्र काही आठवड्यांपुरतं दाखवायला आलं होतं. दाढेचं भोक साफ करायचं, त्याचं चित्र संगणकाला दाखवायचं, आणि यंत्र चिनी मातीच्या ठोकळ्यातून नेमका तेवढा तुकडा कोरून देतं. तो दाढेत चिकटवायचा, झालं. अशी दाढ असलेली माणसं त्यांना हवीच होती. त्यांनी मला एक छापील कागद दिला. त्यावर मोठ्या अक्षरांत होतं, "अचूक बसते."

त्या वेळी मी संगणक पाहिलेला नव्हता. पत्रकांमध्ये मात्र तो भेटला होता, आणि दोन तऱ्हांनी. युनियनच्या पत्रकात तो माणसाची नोकरी खायचा. विज्ञानवाल्यांच्या पत्रकात तो माणसाला चंद्रावर न्यायचा. त्या दिवशी मी चंद्राच्या बाजूने मत दिलं. आत्याला रांगेतून बाहेर ओढलं आणि सगळ्यांसमोर भाषण केलं. दात उपटणं म्हणजे अज्ञान, दात वाचवणं म्हणजे विज्ञान, आणि आपल्या मुळशीच्या बाईला ते मिळालंच पाहिजे. आत्याने पदर खोचला. मग म्हणाली, "बरं बाय. तुजं भाषान संपत आसंल तर जाऊ पुन्याला. दाढ तवर दम धरल."

दवाखान्यात गेलो तो दिवस मला तुकड्यातुकड्याने आठवतो, कारण मी बघत होते ते भलतीकडेच. डॉक्टरांनी दाढेवर पांढरी भुकटी फवारली. मग बोटाएवढा कॅमेरा तोंडात धरला आणि छोट्या पडद्यावर करडं, धुरकट चित्र आलं. एक गोळा तळहाताखाली फिरवत त्यांनी त्या चित्रातल्या भोकाच्या कडेने रेघ ओढली. यंत्रात पाणी सुरू झालं, चाक फिरू लागलं, चर्रर्र आवाज आला आणि थोड्या वेळाने हरभऱ्याच्या डाळीएवढा एक पांढरा तुकडा बाहेर आला. मी पडद्यापाशी उभी होते. माझ्या मनात तेव्हा नव्या पत्रकाची सुरुवात जुळत होती.

मागे खुर्चीत डॉक्टरांनी तो तुकडा कोरडाच दाढेत ठेवून बघितला. आत्याचं तोंड उघडं होतं, तरी ती बोललीच. "सैल हाय."

"जरा सैलच लागतं, मावशी. अगदी घट्ट कोरला तर आत उतरणारच नाही. मध्ये सिमेंटला जागा ठेवावी लागते."

"म्हंजी माया."

"कसली माया?"

"शिवनात सोडत्यात ती. मापाला माप कापलं तर झंपर अंगात जात न्हाई. कडंला माया ठेवाया लागती."

डॉक्टर हसले आणि म्हणाले, "अगदी तेच." हे सगळं माझ्या कानावर पडलं, पण मी ऐकलं नाही. त्यातला "सैल" एवढा शब्द माझ्यापाशी राहिला, आणि तोही पुढे चार महिन्यांनी, नको त्या वेळी वर आला.

आणखी एक गोष्ट मी बघितली आणि सांगताना गाळली. यंत्राने तुकड्याच्या फक्त बाजू कोरल्या होत्या. वरचा चावायचा भाग, त्याचे उंचवटे आणि खाचा, डॉक्टरांनी तुकडा चिकटवल्यावर हातानेच घासून केला. आत्याला रंगीत कागद चावायला लावायचे, डाग पडेल तिथे घासायचे, पुन्हा चावायला लावायचे. अर्धा तास तेच चाललं होतं. पण मालेत मी सांगितलं ते असं, "सगळं यंत्राने केलं. माणसाचा हात लागला नाही."

निघताना डॉक्टर म्हणाले होते, मशेरी बंद करा आणि सहा महिन्यांनी दाखवायला या. आत्याने मान डोलवली. मशेरी म्हणजे आमच्याकडच्या बायकांची सकाळ. तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची आणि बोटाने दातांना घासायची. तिच्याविरुद्धची पत्रकं मी स्वतः वाटली होती. आत्या ती पत्रकं नीट घडी घालून ठेवायची आणि त्यांच्यात मशेरी बांधायची.

पुढचे दोन महिने आत्याचं तोंड ही गावाची मालमत्ता झाली. बायका यायच्या, ती तोंड उघडायची, मी शेजारी उभी राहून समजावून सांगायचे. मी एक पत्रकही लिहिलं, "दात उपटू नका, वाचवा", आणि सायक्लोस्टाईल करून माले ते पौड वाटलं. त्यात "अचूक" हा शब्द मी तीन वेळा वापरला. चाचांनी एक प्रत दुकानात टांगली आणि आत्याला म्हणाले, "आता तुमच्या तोंडाला तिकीट लावू. सर्कस बरी."

"पयलं तुमच्या तोंडाला कुलूप लावू," आत्या म्हणाली, "मग तिकिटाचं बगू."

मग दिवाळी झाली आणि गोधड्यांचे दिवस आले.

एका संध्याकाळी जेवताना माझं लक्ष गेलं. आत्या पुढच्या दातांनी कुरतडत होती, सशासारखी. भाकरीचे अगदी बारीक तुकडे करून ती ते आमटीत बुडवत होती.

"आत्या, दुखतंय का?"

"काय न्हाई."

"मग अशी का खातीस?"

"कशी खाती? जेवती हाय की."

ती हसली आणि तेवढ्यात मला दिसलं. पांढऱ्या तुकड्याच्या कडेला, शेजारच्या दाताकडच्या बाजूने, एक काळी रेघ होती. तोंड लगेच मिटलं.

दुसऱ्या दिवशी मी चाचांना गाठलं. ते आधी टाळत होते, मग म्हणाले, "तुला सांगू नको म्हनालीया. पन सांगतो. गोधडीचा दोरा जाड. पुढच्या दातानं तुटत न्हाई, ती दाढंखाली घेती. कातरी शेजारी पडलेली आसती, पन सवय. तर आता दोरा तिथं अडकतोय. वढला की फिसकटतोय, त्याचं तंतू निघत्यात. दिवसातनं दहा बारा वेळा. मी म्हनलं पुन्याला जा. तर म्हनती, पोरीनं गावभर सांगितलंय, आता काय तोंड घेऊन जाऊ."

रेघ काळी, दोरा अडकतोय, आणि पहिल्याच दिवशी आत्या म्हणाली होती सैल आहे. माझ्या डोक्यात हे तिन्ही एका क्षणात जुळलं. कडेला फट राहिली होती, फटीत कीड शिरली होती, आणि दाढ आतून जात होती. आत्याची ती एकच चावती दाढ, जी ती स्वतः काढायला निघाली होती आणि मी भाषण करून ठेवायला लावली होती. आता ती दुखून, सडून, वरून माझं नाव सांगत जाणार होती. मला आत्याची काळजी वाटली, स्वतःची लाज वाटली, आणि माझ्या सवयीप्रमाणे त्या दोन्हींचा राग झाला.

त्याच दुपारी मी नव्या पत्रकाची स्टेन्सिल, म्हणजे ज्यावरून प्रती निघतात तो कागद, कापायला बसले. मथळा होता, "गरिबाचं तोंड म्हणजे यांची प्रयोगशाळा?" खाली सगळं होतं. परदेशी यंत्र, खोटं "अचूक", मुळशीच्या कष्टकरी बाईचा सौदा. शेवटी चार "पाहिजे". हे पत्रक मी डॉक्टरांच्या दारात उभी राहून वाटणार होते.

शनिवारी वडिलांनी ते वाचलं. ते पत्रकाचा मथळा सोडून मधला मजकूर आधी वाचायचे.

"पुरावा?"

"काळी रेघ. मी डोळ्यांनी बघितली."

"रेघ बघितलीस. कशाची हाय ते बघितलंस?"

"कीडच असणार."

"असनार," वडील म्हणाले. "आमी गेटवर 'असनार' म्हनलं तर मॅनेजर हसतुया. आदी दाखवून आन. मग वाट. मी सोता येतो वाटाया."

मी स्टेन्सिल वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत घातली आणि सोमवारी आत्याला घेऊन एसटीत बसले. आत्या खिडकीशी होती. पिरंगुटचा घाट मागे पडला. भूगाव जवळ आलं तशी पदराशी चाळा करत म्हणाली, "बाय, त्यांनी काडू म्हनलं तर काडू दे. भांडू नगंस."

"का नको भांडू? त्यांनी फसवलंय तुला."

"फसावलं का न्हाई ते मला ठावं न्हाई. पन तू भांडलीस की मला भ्या वाटतं. तुज्या पाई मी दाढ ठिवली न्हाई, माज्याच पाई ठिवली. मला भाकरी चावायची हुती."

पिशवी मांडीवर होती, ती मी पायाशी ठेवली.

दवाखान्यात यंत्राची जागा रिकामी होती. ते परत गेलं होतं. हेही माझ्या पत्रकात एका वाक्याला पुरलं असतं. डॉक्टरांनी आत्याला खुर्चीत बसवलं, दिवा खाली ओढला. मी या वेळी पडद्याकडे नाही, त्यांच्या खांद्यामागे उभी राहिले आणि म्हणाले, "कडेला फट राहिलीय. कीड लागलीय. तुम्ही अचूक बसतं असं छापलं होतं."

"बघू या," ते म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही, त्यामुळे माझ्या वाक्याला धरायला काही मिळालं नाही.

त्यांनी टोकदार सळई त्या काळ्या रेघेवर फिरवली. ती रुतली. त्यांनी थोडं खरवडलं आणि सळई बाहेर काढली. टोकावर एक काळपट मऊ गोळी होती. त्यांनी ती बोटांत चुरली. ती तुटली नाही, चपटी झाली. त्यांनी ती नाकाशी नेली.

"मावशी, हे काय आहे?"

आत्या छताकडे बघत होती.

"मावशी?"

"मेन."

"काय?"

"मेन हो. दोऱ्याला लावत्यात ते. मधाच्या पोळ्याचं. चांगलं आसतं."

"ते दाढेत कसं गेलं?"

"मीच भरलं. दोरा आडकाया लागला, वाटलं फट पडली. रोज सकाळी येक गोळी करून बुजवती, आन ती निघू नये म्हून त्या अंगानं चावत न्हाई. वरनं मशेरी लावली की काळं हुतं. मला काय ठावं काळं हुईल म्हून."

डॉक्टरांनी चष्मा कपाळावर सरकवला. "मशेरी बंद केली नाही?"

"कमी केली की. आदी दोनदा लावत हुते."

"आणि मेण कशासाठी लपवून भरत होतात? मला दाखवायचं ना."

आत्याने माझ्याकडे बोट केलं. "हिला कळाया नगं म्हून. हिचं गावात नाव झालंय."

त्या खोलीत लपायला जागा नव्हती. मी हात धुवायच्या भांड्याकडे बघत राहिले. डॉक्टरांनी मेण सगळं काढलं, दाढ धुतली, पुसली आणि एक छोटा एक्स-रे घेतला. ती फिल्म धुऊन होईपर्यंत आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. आत्या जिभेने दाढ चाचपत होती. मी मोजून सांगू शकत नाही किती वेळ गेला. फिल्म आली तेव्हा अजून ओलीच होती. डॉक्टरांनी ती दिव्यासमोर धरली आणि आम्हा दोघींना जवळ बोलावलं.

"ही दाढ. हा पांढरा तुकडा. कीड असती तर त्याच्या खाली काळा डाग दिसला असता. इथे काही नाही. दाढ शाबूत आहे."

"राहील?" आत्याने विचारलं.

"राहील."

आत्याने एवढंच केलं की पदर सोडला. इतका वेळ तो तिने मुठीत धरलेला होता, तिथे त्याच्या चुण्या पडल्या होत्या. मी भिंतीला टेकले. इतकं हलकं मला कुठल्याही सभेत टाळ्या मिळाल्यावर वाटलेलं नाही.

"मग दोरा का अडकतो?" मी विचारलं. प्रश्न तसाच होता, आवाज मात्र बदललेला होता.

"दोरा आहे का जवळ?"

दोरा आत्याजवळ नाही असं कधी झालं नसतं. तिने कमरेच्या पिशवीतून गोधडीचा दोरा काढून दिला. डॉक्टरांनी तो दोन दातांच्या मधून खाली नेला आणि वर ओढला. वर येताना तो अडला. जोर लावल्यावर आला, पण फिसकटून, तंतू लोंबत. त्यांनी तो पांढऱ्या कापडावर ठेवला, मग आरसा आत धरून मला वाकून बघायला सांगितलं. सळईचं टोक त्यांनी वरून खाली नेलं, मग खालून वर. खालून येताना ते एका पुढे आलेल्या कडेवर अडत होतं.

"फट नाही. उलट आहे. तुकडा चिकटवताना जादा सिमेंट बाहेर आलं, ते दोन दातांच्या मधे सुकून राहिलं. बाहेरच्या बाजूचं मी काढलं होतं. आतलं राहून गेलं. ती माझी चूक आहे."

आत्या उठूनच बसली. "म्हंजी माया बाहेर राह्यलीया. वरनं कातरायची राह्यली."

"तेच. कातरायची राहिली."

"आन मी येडी ठिगाळ लावत बसली."

आता मला ते पहिल्या दिवशीचं बोलणं सगळं ऐकू आलं. सैल, सिमेंटची जागा, माया. त्या खोलीत तिला पहिल्यापासून कळत होतं, आणि वाचता येणारी मीच अडाणी होते.

डॉक्टरांनी आधी बारीक हत्याराने आणि मग वाळूच्या कागदासारख्या चिंचोळ्या पट्टीने ती कड घासली. पट्टी दोन दातांच्या मधे घालून पुढेमागे ओढायची, धुवायचं, दोरा घालून बघायचं. पहिल्यांदा दोरा थोडा अडला. दुसऱ्यांदा कुरकुरला. तिसऱ्यांदा सळकन वर आला, शाबूत, एकही तंतू न निघता. आत्याने दोरा हातात घेऊन दिव्याकडे धरून बघितला, चाचांच्या दुकानात बघते तसा. मग स्वतःच्या हाताने पुन्हा एकदा घालून ओढला. मग म्हणाली, "आता जमलं."

मी तिथेच थांबले असते तर डॉक्टरांची सुटका झाली असती. पण मी म्हणाले, "मग अचूक बसतं हे तरी खरं का?"

डॉक्टरांनी आरसा पुन्हा उचलला. मग त्यांनी आत्याला पुन्हा तोंड उघडायला सांगितलं आणि आरशात मला वरची, चावायची बाजू दाखवली. पांढरा तुकडा आणि दाढ यांच्या मधे एक बारीक फिकट रेघ होती, सगळीकडून.

"ही सिमेंटची. नुसत्या डोळ्यांनी दिसते ना? दिसायला नको खरं तर. हाताने ओतलेलं सोन्याचं भरण याहून जवळ बसतं. हे यंत्र अजून नवं आहे, त्याची कड भरड येते. भेग आपण सिमेंटने भरतो, ते आज ठीक आहे. पण चावून चावून ते हळूहळू झिजणार. म्हणून दर वर्षी बघायला लागेल. मी तुम्हाला हे त्या दिवशीच सांगायला हवं होतं."

"आणि कागदावर?"

"कागदावरचा मजकूर यंत्रवाल्यांनी दिला होता."

"वाटला तुम्ही."

"वाटला मी," ते म्हणाले. टेबलावर त्यातले काही कागद अजून होते. त्यांनी एक ओढला, पेन काढलं आणि "अचूक" वर आडवी रेघ मारली. मग पेन माझ्याकडे केलं. "तुम्ही लिहिता. सांगा, काय लिहू?"

आयुष्यभर "पाहिजे" लिहिलेल्या माणसाला तिथे "कदाचित" लिहायचं होतं, आणि तेही खोटं वाटता कामा नये. मी पेन घेऊन उभी राहिले. आत्या खुर्चीतून उतरून चपला शोधत होती. तिथूनच म्हणाली, "लिवा, बसतंय, पन बगत ऱ्हावा."

डॉक्टरांनी पेन परत घेऊन ते तसंच लिहिलं, फक्त "लिवा" सोडून. उरलेल्या कागदांवर त्यांनी तसं केलं की नाही, मला माहीत नाही. एकावर केलेलं मी पाहिलं.

माझ्या पिशवीतली स्टेन्सिल तशीच परत आली. स्टेन्सिलवरची चूक बुजवायला नखांच्या रंगासारखं एक लाल औषध मिळायचं. एखादा शब्द त्याने बुजतो, पानभर बुजवायला बाटली पुरत नाही. वडिलांनी विचारलं तेव्हा मी सगळं सांगितलं, मेणासकट. ते बराच वेळ हसले, आणि मग म्हणाले, आता दुसरं लिही. मी लिहिलं. त्यात मथळ्यापासून शेवटपर्यंत एकच गोष्ट होती, दाढ भरून घेतल्यावर ती पुन्हा दाखवायला जायचं, का जायचं आणि काय बघायला सांगायचं. मी त्यात आधीच्या पत्रकातली माझी चूकही छापली. पौडात वाटलं तेव्हा चाचांनी जुनं पत्रक काढून नवं टांगलं आणि आत्याला म्हणाले, "तिकीट आता बंद म्हना की."

"बंद. सर्कशीतला वाघ जेवाया बसलाय."

कारण परतीच्या एसटीची वाट बघताना त्या सोमवारी आत्याने फुटाणे घेतले होते. कागदाच्या पुडीतून एकेक फुटाणा ती उजव्या गालाकडे टाकत होती आणि कडकड आवाज करत चावत होती. शेजारची माणसं बघत होती. पुडी संपेपर्यंत तिने मला एकही दिला नाही. शेवटचा देऊ लागली तर मी म्हटलं, तूच खा. तिने खाल्ला.

त्याला आता काही वर्षं झाली. ती दरवर्षी पुण्याला दाखवायला जाते. मधे एकदा वरच्या बाजूचं सिमेंट थोडं झिजलं होतं, डॉक्टरांनी ते पुन्हा भरलं. दाढ आहे. मशेरीही आहे, दिवसातून एकदा. ते भांडण चालू आहे.

मला अजून टोचतं ते यंत्र नाही आणि ते सिमेंटही नाही. चार महिने ती माझ्यासमोर जेवायला बसत होती. गोधड्या सुरू झाल्यापासून रोज सकाळी मेणाची गोळी करत होती. मी तिच्या दाढेवर पत्रक लिहिलं, गावाला तिचं तोंड दाखवलं, आणि तिला एकदाही विचारलं नाही की आत्या, नीट चावता येतंय ना. शेवटी विचारलं तेव्हा "काय न्हाई" म्हणाली, आणि त्यापुढचं मी तिला नाही, चाचांना विचारलं.

म्हणून तुमच्याकडे एक काम आहे. आज जेवायला बसाल तेव्हा घरात सगळ्यांना वाढून शेवटी जी बसते, तिच्या शेजारी बसा. ती कुठल्या बाजूने चावते ते बघा, आणि विचारा. ती "काय नाही" म्हणेल. तेवढ्यावर उठू नका, पुन्हा विचारा, आणि या आठवड्यात तिला दाताच्या डॉक्टरकडे घेऊन जा. तिच्या दाढेत काही बसवलेलं असेल तर त्याची कड तिला स्वतःला आरशात दाखवायला डॉक्टरांना सांगा, आणि ती बघेपर्यंत मधे बोलू नका.